मराठी माध्यमातून जीएस मुख्य परीक्षा: तीन तासांत वीसपैकी चौदाच प्रश्न होतात

निळी_शाई (प्रश्न)

नमस्कार. यूपीएससी मुख्य परीक्षेसाठी मराठी माध्यम निवडलं आहे. घड्याळ लावून जीएस-२ चा (सामान्य अध्ययन, पेपर २) पूर्ण पेपर लिहायला बसले की तीन तासांत चौदा, फार तर पंधरा प्रश्न होतात. सुरुवातीच्या पाच-सहा उत्तरांना प्रत्येकी दहा मिनिटं जातात, मग घाई सुरू होते आणि शेवटचे पंधरा गुणांचे प्रश्न कोरे राहतात. प्रश्न वाचल्यावर विषय आठवत नाही असं फारसं होत नाही.

तीन गोष्टी विचारायच्या आहेत. वेग हातामुळे कमी पडतोय की विचारामुळे, हे कसं ओळखायचं? प्रश्न इंग्रजी-हिंदीत छापलेला आणि उत्तर मराठीत, यात मनातल्या मनात भाषांतर होतं तो वेळ कसा वाचवायचा? आणि १५० शब्दांची मर्यादा मराठीत कशी धरायची? सगळीकडे हिंदी किंवा इंग्रजी नमुना उत्तरांचेच हिशेब दिसतात. राज्यसेवाही द्यायची आहे, त्यामुळे दोन्हीकडे चालेल असं सांगितलंत तर बरं.

उत्तरपत्रिका

ताई, आधी मोजा, मग उपाय करा. तीन वेगवेगळ्या दिवशी तीन चाचण्या घ्या, प्रत्येक वेळी सकाळी आणि ताज्या हाताने.

पहिली चाचणी नुसत्या हाताची. स्वतःच्या मराठी नोट्समधलं पान समोर ठेवून पाच मिनिटं उतरवून काढा. शब्द मोजा, पाचाने भागा.

दुसरी चाचणी वाक्यरचनेची. पक्का येणारा एखादा प्रश्न घ्या, मुद्दे आधीच कागदावर मांडून ठेवा (त्याला वेळ लावू नका), मग घड्याळ सुरू करून त्या मुद्द्यांची वाक्यं करा. मिनिटाला किती शब्द झाले ते काढा.

तिसरी चाचणी पूर्ण उत्तराची. कधी न पाहिलेला प्रश्न, वाचायला लागल्यापासून शेवटच्या पूर्णविरामापर्यंत.

आता निदान. पहिल्या चाचणीत मिनिटाला २२ पेक्षा कमी शब्द येत असतील तर हातावर काम करायला हवं. पहिलीत २२-२४ आणि दुसरीत १४-१५ असतील तर अडचण भाषेची आहे: मुद्दा इंग्रजीत किंवा हिंदीत सुचतो आणि मराठी वाक्य जुळवताना पेन थांबतं. दुसरी चाचणी चांगली आणि तिसरीत घसरण असेल, तर काय लिहायचं आणि काय सोडायचं हे ठरत नाहीये. पहिल्या पाच-सहा उत्तरांना दहा मिनिटं जातात म्हणता, म्हणजे मला तिसऱ्या प्रकाराची शंका जास्त आहे. विषय येतो म्हणूनच सगळं लिहावंसं वाटतं.

वेळेचा हिशेब असा. जीएसच्या पहिल्या तीन पेपरांत १० गुणांचे १० आणि १५ गुणांचे १० प्रश्न असतात, एकूण २५० गुण आणि १८० मिनिटं. सगळीकडे ७ आणि ११ मिनिटं सांगतात. ७० आणि ११० मिळून बरोब्बर १८० होतात, म्हणजे पान उलटायला, पाणी प्यायला, एखाद्या प्रश्नावर अडायला एक मिनिटही उरत नाही. म्हणून सराव साडेसहा आणि साडेदहावर करा. ६५ अधिक १०५ म्हणजे १७०, दहा मिनिटं हातात राहतात. पेपर क्रमाने लिहिला तर तासाला पाच मिनिटं वर होतात तेव्हा दहावा प्रश्न संपलेला हवा, दोन तास होतात तेव्हा पंधरावा. हे दोन टप्पे पाठ ठेवा, दर प्रश्नाला घड्याळ बघू नका.

आणि एक नियम कडक पाळा: साडेसहा मिनिटं झाली की चालू वाक्य पूर्ण करायचं आणि पुढचा प्रश्न घ्यायचा, उत्तर अर्धवट वाटलं तरी. सराव करताना हेच जड जातं. पण दहापैकी साडेचारचं उत्तर पाचचं करायला जी चार मिनिटं लागतात, त्याच चार मिनिटांत कोऱ्या राहणाऱ्या पंधरा गुणांच्या प्रश्नावर बरंच काही पदरात पडतं. कोऱ्या पानाला शून्यच मिळतं.

तिसरा_तास

वरच्या हिशेबाशी सहमत, क्रमाशी नाही. पंधरा गुणांचे प्रश्न आधी घ्यावेत, असं माझं मत आहे. शेवटच्या तासात हात थकलेला असतो, आणि तेव्हा दहा गुणांची छोटी उत्तरं आटोपशीर लिहिता येतात. पंधरा गुणांच्या उत्तराला जी बांधणी लागते ती दमलेल्या डोक्याला जमत नाही. ताईंचे नेमके पंधरा गुणांचेच प्रश्न कोरे राहताहेत.

जीएस-४ ची (नीतिशास्त्राच्या पेपरची) मांडणी वेगळी असते हेही लक्षात घ्या. तिथे अ विभागात १३० गुणांचे सैद्धांतिक प्रश्न आणि ब विभागात २० गुणांच्या सहा केस स्टडी, म्हणजे १२० गुण. तिथे मी आधी केस स्टडी घ्यायला सांगेन. प्रत्येकीला १३ मिनिटं धरली तर ७८ होतात, अ विभागातल्या १० गुणांच्या १३ उत्तरांना सात-सात मिनिटांनी ९१, बेरीज १६९.

उत्तरपत्रिका

केस स्टडीबद्दल मान्य. जीएस-१ ते ३ मध्ये पंधरावाले आधी घेताना एक धोका असतो: सुरुवातीला वेळ भरपूर वाटतो, एकेक उत्तर चौदा मिनिटांवर जातं आणि पहिल्या दीड तासात सहाच होतात. ज्यांना मिनिटं पाळायची सवय लागली आहे त्यांनी खुशाल तसं करावं. ताईंनी आधी महिनाभर क्रमाने लिहावं, मिनिटं हाताशी बसली की उलटा क्रम करून बघावा. दोन्ही क्रमांनी दोन-दोन पूर्ण पेपर लिहिले की आपल्याला कोणता मानवतो ते आकड्यांतच दिसेल.

परिभाषा

शब्दमर्यादेचा आणि भाषेचा भाग मी घेतो.

मराठीत विभक्तीचे प्रत्यय आणि शब्दयोगी अव्यय शब्दालाच चिकटतात, हिंदीत ती सुटी लिहिली जातात. 'महाराष्ट्र की ग्राम पंचायतों को मिलने वाली निधि पर' हे हिंदीत नऊ शब्द. मराठीत 'महाराष्ट्रातल्या ग्रामपंचायतींना मिळणाऱ्या निधीवर', चार शब्द. इतकी तफावत प्रत्येक वाक्यात पडत नाही, पण १० गुणांच्या, १५० शब्दांच्या हिंदी उत्तराचा ऐवज मराठीत १०० ते ११० शब्दांत बसतो आणि २५० चा १६० ते १७० शब्दांत. मराठीत १५० शब्द भरायचा हट्ट धरलात तर तुम्ही प्रत्यक्षात हिंदीतल्या दोनशे शब्दांचं उत्तर लिहीत असता. वेळ नेमका तिथेच जातो. वरच्या साडेसहा मिनिटांतलं एक मिनिट विचाराला दिलं, तर साडेपाच मिनिटांत १०५ शब्द म्हणजे मिनिटाला १९. नकलेचा वेग २२ हवा तो याच्यासाठी.

१० गुणांच्या उत्तराला दोन पानं आणि १५ गुणांच्या उत्तराला तीन पानं दिलेली असतात. ती भरलीच पाहिजेत असं नाही. दीड पानात उत्तर संपलं तर उरलेल्या कोऱ्या भागावर रेघ मारा आणि पुढे जा.

आता भाषांतराचा प्रश्न. प्रश्नपत्रिका फक्त इंग्रजी आणि हिंदीत असते. मराठी माध्यमाच्या विद्यार्थ्याने शक्यतो इंग्रजी प्रश्न वाचावा, हिंदी फक्त खात्रीसाठी. कारण हिंदीतले ओळखीचे दिसणारे शब्द घाईत दगा देतात:

हिंदी 'संशोधन' म्हणजे आपली दुरुस्ती. 'संविधान संशोधन' वाचून डोक्यात अभ्यास-संशोधन येतं आणि उत्तरात 'संविधान संशोधनामुळे' असं उतरतं. मराठीत घटनादुरुस्ती.
हिंदी 'आपत्ति' म्हणजे आक्षेप. आपल्याकडची आपत्ती हिंदीत 'आपदा' असते.
हिंदी 'शिक्षा' म्हणजे शिक्षण. मराठी उत्तरात 'शिक्षेचा प्रसार' लिहिलेलं खरोखर सापडतं.
हिंदी 'जनजाति' म्हणजे जमात. 'अनुसूचित जनजाती' हे मराठीत चुकीचं आहे, अनुसूचित जमाती लिहा.

क्रियापदांचा अर्थ आधीच ठरवून ठेवा, म्हणजे परीक्षेत त्यावर विचार करावा लागत नाही. 'डिस्कस' म्हणजे सगळ्या बाजू मांडा. 'क्रिटिकली एक्झॅमिन' असेल तर विधान कुठे टिकतं आणि कुठे टिकत नाही हे दोन्ही दाखवून स्वतःचा निष्कर्ष द्यायचा. 'इल्युसिडेट'ला उदाहरणांनी स्पष्ट करायचं असतं, तिथे उपाययोजना कोणी मागितलेली नसते. 'टू व्हॉट एक्स्टेंट' आलं की 'कितपत' याचं उत्तर एका वाक्यात यायलाच हवं: बऱ्याच अंशी, मर्यादित अर्थाने, अमुक क्षेत्रापुरतं.

परिभाषेसाठी एक वही करा. पानावर दोन रकाने, डावीकडे इंग्रजी संज्ञा, उजवीकडे एकच मराठी प्रतिशब्द. एकच! 'फिस्कल डेफिसिट'ला एकदा राजकोषीय तूट आणि पुढच्या ओळीत वित्तीय तूट लिहिलं, तर तपासणाऱ्याला दोन वेगळ्या गोष्टी वाटू शकतात. प्रतिशब्द कुठून घ्यायचे? घटनेची मराठी आवृत्ती, भाषा संचालनालयाचे परिभाषा कोश, 'योजना' मासिकाची मराठी आवृत्ती, राज्याची आर्थिक पाहणी. आर्थिक पाहणी दर वर्षी अर्थसंकल्पाच्या तोंडावर मराठीत आणि इंग्रजीत येते. दोन्ही प्रती शेजारी ठेवून एकच प्रकरण वाचलं तर शे-दीडशे संज्ञा संदर्भासकट हाती लागतात.

आयोगाच्या नियमानुसार भारतीय भाषेत लिहिणाऱ्याला तांत्रिक संज्ञेचा इंग्रजी शब्द मराठी शब्दापुढे कंसात देता येतो. ही सवलत संज्ञेपुरतीच आहे. अख्खं वाक्य इंग्रजीत गेलं तर निवडलेल्या माध्यमाबाहेरचं लेखन ठरतं आणि त्याला गुण नाहीत. एका उत्तरात असे दोन-तीन कंस पुरेत, आणि तेही जिथे मराठी शब्द अनोळखी वाटेल तिथेच. 'लोकशाही'पुढे कंस कशाला?

निळी_शाई

खूप आभार. आज तिन्ही चाचण्या एकदा करून पाहिल्या: २३, १८ आणि १२. म्हणजे तिसरीतच घसरण आहे. एक प्रश्न आणि माझी सुरुवात इथे देते, कुठे चुकतं ते सांगाल का?

प्रश्न: '७३व्या घटनादुरुस्तीने पंचायतींना घटनात्मक दर्जा मिळाला, पण कामे, निधी आणि कर्मचारी यांच्या अभावी तो कागदावरच राहिला.' टीकात्मक परीक्षण करा. (१० गुण)

माझी सुरुवात: 'भारत हा खेड्यांचा देश आहे. महात्मा गांधींनी ग्रामस्वराज्याचे स्वप्न पाहिले होते. प्राचीन काळापासून भारतात पंचायती अस्तित्वात होत्या. बलवंतराय मेहता समितीने १९५७ मध्ये त्रिस्तरीय व्यवस्थेची शिफारस केली. त्यानंतर अशोक मेहता समिती नेमण्यात आली. अखेर ७३वी घटनादुरुस्ती करण्यात आली.'

पुढे दुरुस्तीची सगळी वैशिष्ट्यं लिहिली, मग अडचणी, मग उपाय. साडेदहा मिनिटं लागली.

उत्तरपत्रिका

चाचण्यांचे आकडे स्पष्ट आहेत, हाताची चिंता सोडा.

सुरुवातीचे शब्द मोजा: ३७. शंभर-एकशेपाच शब्दांच्या उत्तरातला तिसरा हिस्सा गेला आणि प्रश्नाला अजून हात लागलेला नाही. एकही वाक्य चुकीचं नाही. अडचण अशी की ही सुरुवात पंचायतराजवरच्या कुठल्याही प्रश्नाला लावता येते. प्रश्नात '७३वी दुरुस्ती' दिसली आणि पाठ असलेलं टिपण बाहेर आलं. 'वैशिष्ट्यं सांगा' असं कुणी विचारलेलंच नाही.

पेन टेकवण्याआधीच्या त्या एका मिनिटात एवढंच करा: प्रश्नाचे तुकडे पाडा आणि प्रत्येक तुकड्यापुढे एकेक पुरावा लिहा. इथे तुकडे पाच आहेत: दर्जा मिळाला का, कामं, निधी, कर्मचारी, आणि 'कागदावरच' हे खरं का. शेवटचा तुकडा बहुतेकांच्या हातून सुटतो, आणि टीकात्मक परीक्षण तर तिथेच आहे. प्रश्नपत्रिकेच्या समासात पेन्सिलीने अशी खूण पुरते: 'दर्जा–निवडणूक, आरक्षण / काम–२४३ जी / निधी–२४३ आय / कर्म.–सचिव / नाही–मेंढा'. याला चाळीस सेकंद लागतात.

त्यावरून उत्तर असं उभं राहतं:

'७३व्या घटनादुरुस्तीने (१९९२) पंचायतींना दर्जा दिला. अधिकार देणे मात्र राज्यांच्या इच्छेवर सोडले.

जे टिकले: दर पाच वर्षांनी निवडणूक आणि राज्य निवडणूक आयोग, अनुसूचित जाती-जमाती व महिलांना आरक्षण. महाराष्ट्रात महिलांसाठी ते ५० टक्के.

जे अडले: (अ) कामे: अनुच्छेद २४३ जी 'देऊ शकेल' एवढेच म्हणतो, अकराव्या अनुसूचीतील २९ विषयांचे हस्तांतरण त्यामुळे असमान. (आ) निधी: स्वतःचे उत्पन्न तोकडे, अनुदान बहुतांशी बांधील, राज्य वित्त आयोगाच्या (२४३ आय) शिफारशी विलंबाने येतात. (इ) कर्मचारी: सचिवाची नेमणूक, बदली जिल्हा परिषदेकडे, एकाकडे अनेक गावे.

तरी दर्जा कागदावरच राहिला असे नाही: मेंढा-लेखा (गडचिरोली) ग्रामसभेने २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळवून बांबूचे उत्पन्न गावाकडे वळवले.

उपाय: विषयासोबत निधी आणि कर्मचारी एकत्रच सोपवणे, वित्त आयोगाच्या शिफारशींवर मुदतीत कार्यवाही.'

शंभराच्या आसपास शब्द आहेत. पहिल्याच वाक्यात भूमिका आली, म्हणून शेवटी वेगळा निष्कर्ष लिहायला वेळ लागला नाही. तुम्ही लिहिलेली बलवंतराय मेहता समिती फेकून देऊ नका. 'पंचायतराजची उत्क्रांती' विचारली की तिचा उपयोग आहे.

ग्रामसभा

उत्तर चांगलं आहे, एक दुरुस्ती सुचवतो. मेंढा-लेखाला मिळालेला हक्क वनहक्क कायदा, २००६ खालचा आहे, ७३व्या दुरुस्तीतून आलेला नाही. विषय जाणणारा परीक्षक इथे थांबेल. 'वनहक्क कायद्यान्वये (२००६)' एवढे दोन-तीन शब्द घाला आणि मुद्दा 'ग्रामसभेला कायद्याने ठोस अधिकार आणि उत्पन्नाचं साधन मिळालं की ती सक्षमपणे चालते' असा न्या. मग हे उदाहरण निधीच्या मुद्द्यालाच बळ देतं. अनुसूचित (आदिवासी) क्षेत्र म्हटलं की तिथल्या पंचायतींसाठीचा पेसा, १९९६ हा कायदाही जोडता येतो. महाराष्ट्राने त्याचे नियम २०१४ मध्ये केले, म्हणजे कायदा आणि नियम यांच्यात अठरा वर्षं. 'कागदावरच राहिला' या विधानाच्या बाजूने याहून नेमका पुरावा शोधून सापडायचा नाही.

उदाहरणांची वही करताना हेच पथ्य पाळा. गावाचं नाव, जिल्हा, वर्ष, कोणत्या कायद्याखाली किंवा योजनेखाली आणि नेमकं काय बदललं, अशा पाच गोष्टी एका ओळीत. यातली एखादी गोष्ट माहीत नसेल तर उदाहरण अजून वापरण्याजोगं नाही. प्रत्येक विषयाला चार-पाच अशी पक्की उदाहरणं पुरतात.

निळी_शाई

उत्तर वाचून फरक लगेच दिसला. हाताबद्दल तरी एक विचारते: २३ चा वेग पहिल्या तासाचा आहे, तिसऱ्या तासात अक्षर फारच बिघडतं. शिरोरेघ सोडून दिली तर वेग वाढेल असं एकाने सुचवलं. द्यावी का?

बोरू

सोडू नका. देवनागरीत काही अक्षरांची ओळख शिरोरेघेवरच टिकलेली असते. 'भ' आणि 'म', 'ध' आणि 'घ' यांत फरक आहे तो रेघ कुठे तुटते याचा. रेघ काढली की 'धन' आणि 'घन', 'भार' आणि 'मार' सारखेच दिसतात. तपासणाऱ्याला प्रत्येक वेळी संदर्भाने ओळखावं लागतं आणि ते त्रासाचं होतं.

वेळ जातो तो अक्षरागणिक रेघ ओढण्यात. आधी पूर्ण शब्द लिहा, मग डावीकडून उजवीकडे एकाच झटक्यात रेघ मारा, 'भ' आणि 'ध'वर तेवढं पेन उचला. सुरुवातीला आठ-दहा दिवस अक्षर वाकडं येतं, मग बसतं. रेघ अगदी सरळ नसली तरी बिघडत नाही, ती शब्दाच्या टोकाला संपली पाहिजे. ती पुढच्या शब्दात घुसली की दोन शब्द एक होतात, म्हणून शब्दांत एका अक्षराएवढी जागा मोकळी सोडा. वेलांट्या आणि रफार वरच्या ओळीत घुसत असतील तर अक्षराचा आकार कमी करा.

तिसऱ्या तासात अक्षर बिघडतं ते बहुधा पेन घट्ट धरल्यामुळे. तर्जनीच्या पहिल्या पेरावर वळ उठत असेल तर पकड जास्त आहे. पेन टोकापासून थोडं वर धरा आणि हलवताना नुसती बोटं न हलवता मनगटासकट हात सरकवा. पेन तेच ठेवा, परीक्षेच्या आठवड्यात नवं घेऊ नका. आणि सरावही खऱ्या वेळेलाच करा: जीएसचे दोन पेपर एकाच दिवशी असतात, सकाळी ९ ते १२ आणि दुपारी २:३० ते ५:३०. आठवड्यातून एक दिवस दोन्ही पेपर या वेळांना लिहा. दुपारच्या पेपरात किती प्रश्न सुटतात तोच तुमचा खरा आकडा.

परिभाषा

राज्यसेवेचं राहिलं होतं. २०२५ पासून राज्यसेवा मुख्य परीक्षाही वर्णनात्मक झाली आहे: नऊ पेपर, गुणवत्तेसाठी १७५० गुण आणि मुलाखत २७५. त्यामुळे वर सांगितलेला सगळा सराव तिथेही लागू पडतो. तिथे महाराष्ट्राचा इतिहास, भूगोल आणि अर्थव्यवस्था यांना जास्त वजन द्या, म्हणजे उदाहरणांच्या वहीतली निम्मी पानं राज्याची हवीत.

दोन्हीकडे ३०० गुणांचे दोन भाषा पेपर असतात, मराठी आणि इंग्रजी, आणि प्रत्येकात २५ टक्के म्हणजे ७५ गुण लागतात. ते मिळाले नाहीत तर बाकीच्या पेपरांचे गुण विचारातच घेतले जात नाहीत. मराठी माध्यमवाले मराठीच्या पेपरला गृहीत धरतात, हे बरोबर नाही. यूपीएससीच्या मराठी पेपरची विभागणी अशी: निबंध १००, उताऱ्यावरचे प्रश्न ६०, सारांशलेखन ६०, इंग्रजीतून मराठीत भाषांतर २०, मराठीतून इंग्रजीत २०, व्याकरण आणि शब्दप्रयोग ४०. सारांश मूळ उताऱ्याच्या एक तृतीयांश आणि स्वतःच्या शब्दांत हवा. उताऱ्यातली वाक्यं निवडून जोडणं म्हणजे सारांश नव्हे. दर रविवारी वर्तमानपत्रातला तीनशे शब्दांचा मजकूर शंभर शब्दांत आणायचा सराव ठेवा. नेमकं काय सोडायचं हे ठरवायची सवय त्यातच लागते, आणि तुमची तिसरी चाचणी सुधारायलाही ती उपयोगी पडेल.

निळी_शाई

म्हणजे आता रोजचं असं ठरवते: सकाळी दोन प्रश्न १० गुणांचे, एक १५ गुणांचा, आधी फक्त तुकडे आणि पुरावे, मग साडेसहा-साडेदहा मिनिटांचं लेखन. रविवारी सारांश आणि दोन पेपर. तुकडे पाडायचा सराव लिहिण्यापेक्षा वेगळा करू का?

उत्तरपत्रिका

हो, वेगळाच करा. गेल्या पाच वर्षांचे प्रश्न घ्या आणि रोज दहा प्रश्नांचे नुसते तुकडे आणि पुरावे समासात लिहा, प्रत्येकाला एक मिनिट, उत्तर लिहायचं नाही. दहा मिनिटांत संपतं. ज्या प्रश्नाला मिनिटात तीनपेक्षा कमी पुरावे सुचले त्याच्यापुढे फुली करा आणि त्या दिवशी फक्त तेच विषय वाचा. रविवारच्या दोन पेपरांबाबत मात्र घाई नको. पहिले तीन रविवार एकच पेपर लिहा, त्यात वीसही प्रश्न होऊ लागले की दुपारचा जोडा. आणि त्या दिवशी सारांश नको, तो शनिवारी घ्या.